उपाशी मातीतली शिकारी झाडं : दवबिंदूच्या लागवडीचा इतिहास आणि देवणीचा माळ

देवणीत येऊन गायी-वळूंवर न बोलता कीडे खाणाऱ्या झाडांवर बोलायचं, म्हणजे जरा धाडसच आहे. पण शेवटाकडे जाता जाता हा विषय देवणी वळूपाशीच येऊन थांबणार आहे. तेव्हा थोडा धीर धरा.

सुरुवात इतिहासापासून करू, आणि तीही जवळच्या. उदगीरची लढाई आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीरपाशी गाठलं. त्याच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी, जानेवारी १७६० मध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना वसाहतीचा गव्हर्नर आर्थर डॉब्स लंडनमधल्या पीटर कॉलिन्सन या आपल्या मित्राला पत्र लिहीत होता. वसाहतीच्या दलदलीत त्याला एक झाड दिसलं होतं. पानाला मधोमध बिजागरी, कडेला काटे, आणि माशी बसली की पान खटकन मिटतं. याच झाडाला आज आपण व्हीनस फ्लायट्रॅप म्हणतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण काळ डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगितलं. इकडे भाऊसाहेब उदगीरला होते, आणि तिकडे माणसाला पहिल्यांदा शंका येत होती की झाडसुद्धा शिकार करत असेल.

आता बघा, शंका येणं वेगळं आणि ती मान्य होणं वेगळं. १७६८ मध्ये जॉन एलिस या इंग्रज अभ्यासकाने या झाडाला शास्त्रीय नाव दिलं आणि स्वीडनच्या कार्ल लिनियसला कळवलं की हे झाड बहुधा किडे पकडून त्यांच्यावर पोसतं. लिनियस म्हणजे त्या काळातला वनस्पतिशास्त्राचा शेवटचा शब्द. त्याला झाडाचं कौतुक वाटलं, पण ‘खातं’ हे काही पटलं नाही. आपल्या लाजाळूसारखं हे झाड स्पर्शाने मिटतं, एवढंच त्याने मानलं. प्राण्याने झाड खावं ही सृष्टीची रीत. ती उलटी कशी होईल? मोठ्या माणसाने नाही म्हटलं की प्रश्न शंभर वर्षं मागे पडतो. इथेही तसंच झालं.

बागेत लागलेला शोध

या प्रश्नाचं उत्तर शेवटी मिळालं ते कुंड्यांमध्ये. म्हणूनच आम्ही या व्याख्यानाला ‘लागवडीचा इतिहास’ म्हणतो. ही झाडं जगवता आली, म्हणून ती समजली.

१८६० च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात नातेवाइकांकडे राहत होता. तिथल्या ओसाड माळावर त्याला ड्रोसेरा दिसली. तिला आपल्याकडे सुंदर नाव आहे, दवबिंदू. पानावर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकाकणारा थेंब. लांबून दव वाटतं, जवळ गेलं की कळतं की तो चिकट डिंक आहे. डार्विनने एका पानावर किती किडे अडकलेत ते मोजलं आणि तो चक्रावून गेला. मग पंधरा वर्षं हा माणूस या झाडाच्या मागे लागला. पानावर दूध घाल, मांसाचा कण ठेव, काचेचा तुकडा ठेव, केसाचा तुकडा ठेव, असं चाललेलं. काच ठेवली तर झाड थोडं वाकतं आणि लवकर सोडून देतं. मांस ठेवलं तर घट्ट धरून ठेवतं. पावसाचा थेंब पडला तर ढिम्म हलत नाही. पण केसाचा अगदी बारीक तुकडा, एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका, ठेवला तरी त्याला कळतं. ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ हे त्याचं पुस्तक १८७५ मध्ये आलं. पानातून जठरासारखा पाचक रस सुटतो आणि झाड मांस खरंच पचवतं, हे त्यात दाखवलेलं आहे.

त्याच सुमाराला त्याचा मित्र जोसेफ हूकर घटपर्णीवर काम करत होता. घटपर्णीच्या सुरईतही पचन होतं, हे त्याने १८७४ मध्ये जाहीरपणे मांडलं. अमेरिकेत विल्यम कॅनबी यांनी फ्लायट्रॅपला गोमांस भरवून बघितलं, ते पचलं. चीज भरवलं, तर पानच मेलं. मेरी ट्रीट या बाई युट्रिक्युलेरियाचे, म्हणजे पाण्यातल्या पिशवीवाल्या झाडाचे, फुगे सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसल्या. त्याआधी लोक समजत होते की हे फुगे झाड तरंगावं म्हणून असतात. बाईंनी पाहिलं की आत जिवंत जीव ओढले जातात.

तरीही बागवान मंडळींचा एक आक्षेप उरलाच होता, आणि तो खोडसाळ नव्हता. ते म्हणत, आमच्या काचघरात माशीसुद्धा शिरत नाही, तरी आमची दवबिंदू मजेत जगते. मग मांस कशाला हवं?

याचं उत्तर डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने दिलं. त्याने सूपच्या बशांमध्ये शेवाळ भरून दवबिंदूची रोपं लावली. प्रत्येक बशीच्या मधोमध आडवी पट्टी घातली आणि वरून जाळी टाकली, म्हणजे बाहेरचा किडा येणार नाही. पट्टीच्या एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या बाजूला काही नाही. १८७८ मध्ये निकाल छापला. वरवर पाहिलं तर दोन्ही बाजूंची रोपं हिरवी होती. फरक पडला तो बियांत. खायला मिळालेल्या रोपांच्या बियांचं एकूण वजन साडेतीन पटींहून जास्त भरलं.

मंडळी, हा प्रयोग लक्षात ठेवा. बागवानही खोटं बोलत नव्हते. झाड उपाशी जगतं. पण त्याची पुढची पिढी खाण्यावर ठरते. देवणीत दवबिंदू लावायची झाली तर हाच मुद्दा कामी येणार आहे.

श्रीमंत माती हे यांचं विष

आता मूळ प्रश्नाला हात घालू. झाडाने शिकार करायचीच कशाला? तर मातीत नत्र नाही म्हणून. स्फुरदही नाही. जिथे पाणी सतत पाझरतं, तिथे मातीतलं सत्त्व धुऊन जातं. अशा जागी बाकीची झाडं मागे हटतात. दवबिंदू तिथे राहिली, कारण तिने अन्न हवेतून उडत येणाऱ्या जिवांकडून घ्यायचं ठरवलं. अन्न पानातून मिळतं, म्हणून मुळांवर तिने खर्चच केला नाही. तिची मुळं थोडी आणि अशक्त असतात. रोपाला धरून ठेवणं आणि पाणी ओढणं, एवढंच त्यांचं काम.

याचा उलटा अर्थ काय होतो? या झाडाला सुपीक माती दिली तर ते मरतं. शेणखत दिलं तर मरतं. युरिया दिला तर मरतं. आपली काळी माती, जिच्यावर कापूस, तूर, सोयाबीन उभं राहतं, ती क्षारांनी भरलेली, चुनखडीची, थोडी अल्कधर्मी. शेतकऱ्याच्या नजरेने ते सोनं आहे. दवबिंदूच्या मुळाला मात्र ती जाळते.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी बागांनी हे किंमत मोजून शिकून घेतलं. नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने १८२९ नंतर बंद काचपेटीत झाडं जगवायची युक्ती काढली आणि बोटीवरून झाडं पाठवणं सोपं झालं. मग पूर्वेकडच्या जंगलांतून घटपर्णी गठ्ठ्यांनी निघाल्या. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने तर १८६२ च्या सुमाराला दोन घटपर्णींचा संकरही करून दाखवला. आपल्या देशातली एकमेव घटपर्णी मेघालयात आहे, नेपेंथिस खासियाना. हूकरने १८७३ मध्ये तिचं वर्णन छापलं. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. काचघरांच्या हौसेपायी, पुढे औषधासाठी आणि कोळशाच्या खाणींपायी ती इतकी कमी झाली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधन आहे, आणि गारो टेकड्यांत बाघमाऱ्याला तिच्यासाठी अभयारण्य राखलेलं आहे. व्हीनस फ्लायट्रॅपचंही तेच. कॅरोलिनाच्या एका छोट्या पट्ट्याबाहेर ती रानात मूळची कुठेच नाही. चोरून उपटणारे इतके वाढले की नॉर्थ कॅरोलिनाने २०१४ मध्ये तिची चोरी हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवला.

म्हणजे लागवडीच्या इतिहासाला दोन बाजू आहेत. लागवडीमुळेच ही झाडं समजली. आणि लागवडीच्या हौसेनेच ती रानातून उपटली गेली. आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे आधी ठरवून मग कुंडीला हात लावायचा.

आपल्याकडची मंडळी

बरं, आपल्याकडे काय आहे? भारतात दवबिंदूच्या मुख्यतः तीन जाती सांगितल्या जातात. पहिली ड्रोसेरा पेल्टाटा. ही उंच डोंगरांवर असते, जमिनीखाली कंद धरते आणि दरवर्षी त्यातून फुटते. दुसरी ड्रोसेरा बर्मानी. ही जमिनीला चिकटून, रुपयाच्या नाण्याएवढ्या चक्रासारखी पसरते, आणि तिच्या कडेचे केस किड्यावर काही सेकंदांत वळतात. दवबिंदूच्या जातींत ही फार चपळ. आणि तिसरी ड्रोसेरा इंडिका, आपली गवती दवबिंदू. हिची पानं दोऱ्यासारखी लांब, गवतात उभी राहिली तर गवतच वाटावं अशी. उन्हात मात्र सगळं रोप लालसर चमकतं. फूल गुलाबी किंवा पांढरं. लिनियसने १७५३ मध्येच हिला नाव दिलेलं आहे. गंमत बघा, नाव दिलं, पण ती खाते हे त्याने मानलं नाही.

पश्चिम महाराष्ट्रात ही झाडं बघायला लोक कास पठारावर जातात. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर, जांभ्या दगडाचं पठार. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत कास आहे. तिथे पावसाळ्यात जी निळी-जांभळी चादर दिसते, तिच्यात मोठा वाटा युट्रिक्युलेरियाचा आहे. लोक तिला ‘सीतेची आसवं’ म्हणतात. नाव इतकं हळवं, आणि ओल्या मातीत दडलेल्या तिच्या बारीक फुग्यांचं काम मात्र शिकारीचं. फुग्याचं दार उघडतं, पाण्यासकट सूक्ष्म जीव आत ओढला जातो, आणि दार बंद होतं. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. डोळ्याला दिसतच नाही.

यांचा अभ्यास करणारी आपलीच माणसं आहेत. एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांनी भारतातल्या युट्रिक्युलेरियांवर १९९२ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे २००० मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी जात जगापुढे ठेवली आणि तिला जनार्थनम यांचं नाव दिलं. म्हणजे डार्विननंतर सव्वाशे वर्षांनीही आपल्या सड्यांवर कीटकभक्षी झाडाची नवी जात सापडत होती.

आणि मराठवाडा? मराठवाड्याच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद व्ही. एन. नाईक यांनी केली. त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ चा, आणि मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९९८ चा. तुम्ही म्हणाल, उस्मानाबादचा देवणीशी काय संबंध? तर १९५६ पर्यंत उदगीरचा हा भाग बिदर जिल्ह्यात होता. भाषावार रचनेत तो उस्मानाबादला जोडला गेला. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. म्हणून १९७९ चा उस्मानाबादचा ग्रंथ हा आपल्याही भागाचा ग्रंथ आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तो असायला हवा.

बिदरचा जांभा

आता जमिनीकडे या. मराठवाडा म्हटलं की काळी माती डोळ्यांपुढे येते. पण देवणीच्या शेजारी बिदर आहे, आणि बिदरचं पठार जांभ्या दगडाचं आहे. किल्ल्याच्या तटबंदीत तो लाल, छिद्राछिद्रांचा दगड आपण पाहिलेला आहे. तोच कुळीचा दगड कासला आहे, कोकणच्या सड्यांवर आहे. या दगडाची खासियत अशी की पावसाचं पाणी तो स्पंजासारखा आत घेतो आणि खालच्या थरावरून हळूहळू पाझरवतो. बहमनी काळात बिदरला जमिनीखालून बोगदे खोदून पाणी आणलं, ज्यांना कारेज म्हणतात. ते याच दगडाच्या स्वभावावर उभं राहिलेलं काम आहे. पाझर, पातळ माती, सत्त्व धुऊन गेलेली लाल जमीन. दवबिंदू लागते ती हीच जागा.

गवती दवबिंदू काही फक्त सह्याद्रीची नाही, ती देशभर पसरलेली आहे. तेव्हा आम्ही इथल्या शिक्षकांना एक विनंती करतो. पुढच्या पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, जिथे लाल मुरमाड उतारावरून पाणी झिरपतं, गवत घोट्याच्या खाली आहे, तिथे पोरांना घेऊन जा. सकाळी ऊन वर आल्यावर जा. खरं दव तोपर्यंत उडून गेलेलं असतं. तरीही एखाद्या रोपावर थेंब चमकत असतील, तर खाली बसून बघा. फोटो काढा, जागा वहीत लिहा, जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. उपटू नका. गावातल्या जुन्या तळ्यातही बघा, पाण्यावर पिवळी फुलं आणि खाली बारीक फुगे असलेली युट्रिक्युलेरिया तरंगते का.

देवणीत लावायची कशी?

आता ज्यासाठी बरेच जण आलात, तिकडे येऊ. देवणीत हे झाड जगवता येईल का? आमचं उत्तर, हो. पण कुठलं झाड, हे आधी नीट निवडा.

शहरातून, किंवा मोबाइलवरून मागवून, लोक व्हीनस फ्लायट्रॅप आणतात. ती थंड हिवाळ्यात झोपणारी, अनेक वर्षं जगणारी वनस्पती. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. दरवर्षी तिला उन्हाळ्यातून ओढून न्यायचं म्हणजे सावली, गारवा, रोजचं शुद्ध पाणी, सगळा खटाटोप. गवती दवबिंदूचं तसं नाही. ती एका हंगामाची. पावसाळ्यात उगवते, फुलते, बी टाकते आणि माती सुकली की मरून जाते. उन्हाळा ती बियांच्या रूपात काढते. मंडळी, हे तर आपलं खरिपाचं पीक झालं! मृगात पेरा, दिवाळीच्या आगेमागे बी गोळा करा. उन्हाळ्याशी भांडायचंच नाही. मराठवाड्याला हेच झाड मानवतं, असं आम्हाला वाटतं. बर्मानीचंही बरंचसं असंच आहे, तीही बियांवरच पुढे चालते.

बी कुठून आणायचं? आधी घरी लावणाऱ्या हौशी माणसाकडून, त्याच्या स्वतःच्या रोपांचं. कासवरून, कुठल्याही सड्यावरून किंवा गावच्या माळावरून नाही. एका हंगामाच्या झाडाचं बी उचललं, तर पुढच्या वर्षीचं झाडच उचललं असं होतं.

माती. इथे काळी माती, शेणखत, गांडूळखत, नर्सरीत मिळणारं तयार मिश्रण, सगळं बाद. पीट किंवा स्फॅग्नम शेवाळ एक भाग आणि स्वच्छ गारगोटीची वाळू एक भाग. कोकोपीट वापरायचं तर त्यात मीठ असतं. पावसाच्या पाण्याने पाच-सहा वेळा धुऊन, पिळून मगच घ्या. वाळू आणताना एक सोपी परीक्षा करा. चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. फसफसलं, तर तिच्यात चुनखडी आहे. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत ती बऱ्याचदा निघते. ती वाळू घराला चालेल, या झाडाला नाही. मातीची नवी कुंडीही क्षार सोडते, तेव्हा प्लॅस्टिकची घ्या.

पाणी. खरी अडचण इथे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. तो उन्हाळा आपण विसरलेलो नाही. अशा जिल्ह्यात हौसेच्या झाडाला पाणी कुठलं घालता, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. आणि आपलं बोअरचं पाणी तर चालतही नाही. भांड्यावर पांढरा थर बसवणारं पाणी या झाडाला काही आठवड्यांत मारतं. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र, टीडीएस मीटर, स्वस्तात मिळतं. पाण्याचा आकडा पन्नासच्या खाली हवा. घरच्या आरओचं पाणी चालेल असं वाटतं, पण पुष्कळ यंत्रं चवीसाठी थोडे क्षार पुन्हा मिसळतात. मोजल्याशिवाय घालू नका.

उरलं पावसाचं पाणी, आणि तेच सगळ्यांत उत्तम. हिशोब करून बघा. दहा फूट बाय दहा फूट पत्रा. त्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर नव्वद लिटरच्या वर पाणी उतरतं. पहिल्या पावसाचं पाणी जाऊ द्या, पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. पुढच्या दोन-तीन पावसांचं झाकणाच्या ड्रममध्ये धरा. आठ-दहा कुंड्यांना हंगामभर एवढं पुरतं, वर आभाळातून पडतंच. उन्हाळ्यात तर रोपच नसतं, म्हणजे पाण्याची मागणीही नाही. टंचाईच्या जिल्ह्याला असंच झाड परवडतं.

पेरणी. बी धुळीसारखं बारीक असतं. मिश्रण ओलं करून दाबून घ्या, बी वर नुसतं भुरभुरा, मातीने झाकू नका. त्याला उजेड लागतो. कुंडी परातीत ठेवा आणि परातीत बोटाच्या पेराएवढं पाणी कायम राहू द्या. वरून झारीने घालू नका, बी वाहून जातं. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर हवं. सावलीत ठेवलेली दवबिंदू हिरवी आणि लोळणारी होते, थेंबही धरत नाही. रंग लाल आणि थेंब भरलेले, म्हणजे तब्येत ठीक. परातीत डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाणी ओतून ताजं घाला.

खाणं. गच्चीवर उघड्यावर असेल तर चिलटं, मच्छर ती स्वतः पकडते. बंद खिडकीत असेल, तर पंधरा दिवसांतून एखादं चिलट किंवा लहान मुंगी पानावर ठेवा. डार्विनच्या मुलाची बशी आठवा. या झाडाची पुढची पिढी फक्त बियांवर आहे, म्हणून खाणं महत्त्वाचं. पण भरवायचा सोस नको. मटणाचा तुकडा, उकडलेलं अंडं, चीज नको. पान कुजतं आणि बुरशी येते. कॅनबी यांचं चीज दीडशे वर्षांपूर्वीच हे सांगून गेलं आहे.

बी. फूल गळून बोंड तपकिरी झालं की पांढऱ्या कागदावर हलकं झटका. काळी धूळ पडेल, तेच बी. कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी, तारीख लिहून ठेवा. निम्मं स्वतःला, निम्मं दुसऱ्याला द्या. आपण जितकं बी वाटू, तितकी रानातून उपटायची सबब कमी होते.

आणि आता वळूकडे

सुरुवातीला म्हटलं होतं, हा विषय देवणी वळूपाशी येऊन थांबेल. तो असा.

या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गाय, तिचे वानेरा, बालंक्या, शेवेरा हे प्रकार, हे सगळं माळांवर चरून घडलं. कसदार काळी रानं पेरायला गेली. जनावरांना उरलं ते गायरान, मुरमाड, पातळ मातीचं. सरकारी कागदावर त्याला बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणतात. दवबिंदूसारख्या झाडांनाही नेमकी अशीच जमीन लागते, आणि तिथलं गवत आखूड असावं लागतं. घोट्याएवढं रोप कमरेएवढ्या गवताच्या सावलीत मरतं. गवत आखूड ठेवण्याचं काम कोण करतं? चरणारं जनावर.

कासला याची मोठी चर्चा झाली. गर्दीपासून फुलं वाचवायला पठाराभोवती कुंपण घातलं. हेतू चांगला होता. पण कुंपणाने जनावरंही अडली, आणि मग गवत, उंच झाडोरा वाढून लहान फुलझाडं दबतात, असं स्थानिक लोक आणि अभ्यासक म्हणू लागले. त्यावर बरेच वाद झाले. याचा अर्थ असा नाही की कितीही जनावरं सोडा. जास्त चराईने माती उघडी पडते, तुडवली जाते, शेण साचून जमीन कसदार होते, आणि कसदार जमीन या झाडांना नकोच असते. मुद्दा प्रमाणाचा आहे. ते प्रमाण जुन्या गुराख्यांना माहीत होतं. कुठल्या महिन्यात कुठला माळ राखायचा आणि कुठला मोकळा करायचा, हे गावाने ठरवलेलं असायचं.

आज गायरानावर काय येतं? कुठे अतिक्रमण, कुठे मुरमाची खाण, आणि कुठे चांगल्या मनाने केलेली वृक्षलागवड. शेवटचं सांगताना आम्हाला जरा संकोच होतो, कारण झाडं लावणं वाईट कोण म्हणेल? पण पाझराच्या मोकळ्या माळावर खड्डे खणून, त्यात गाळ आणि खत भरून, दाट रोपं लावली, की पाच वर्षांत तिथे सावली येते आणि माळाचं सगळं लहान जग संपतं. दवबिंदू त्यात पहिली जाते. युरोपातल्या दलदलींत शेतीचं खत आणि हवेतलं नत्र वाढल्यावर दवबिंदू मागे हटलेली दिसली. तिला कुणी उपटलं नव्हतं. जमीन तेवढी कसदार झाली.

म्हणून शेवटची विनंती ग्रामपंचायतीतल्या मंडळींना आहे. पुढच्या वर्षी गायरानावर काही करायचा ठराव आला, तर त्याआधी एक पावसाळा तो माळ बघून घ्या. शाळेची पोरं, एखादा गुराखी, एखादे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, एवढी समिती पुरे. जिथे पाणी झिरपतं आणि गवत आखूड आहे, ती जागा नकाशावर वेगळी दाखवा आणि तिथे खड्डा घेऊ नका. झाडं लावायला बांध आहेत, रस्त्याच्या कडा आहेत, शाळेचं आवार आहे.

आणि घरी जाऊन परातीत दवबिंदू लावाल, तेव्हा शेजारी विचारतील, या झाडाला खत काय घालता? त्यांना सांगा, काही नाही. पावसाचं पाणी आणि ऊन. बाकीचं ते आपलं आपण बघतं.

आता प्रश्न विचारा.